तीन कार्डांची फट

आमच्या सुतार मेस्तांनी प्लायवुडची शीट अंगणातल्या माडाला टेकवली, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बाय, पावसांत हें फुगतलें." मे महिना होता, अंगण भाजत होतं, पाऊस आठवतही नव्हता. शिवाय पाळीव साप ठेवायच्या खणांच्या कपाटाबद्दल, म्हणजे रॅकबद्दल, मी जे जे वाचलं होतं त्यात बहुतेक ठिकाणी प्लायवुड नाहीतर मेलामाइनचा थर दिलेला बोर्डच होता. ते लिहिणारे थंड मुलखातले, त्यांचा सगळा जीव ऊब टिकवण्यात गुंतलेला. माझं घर गोव्यात, डिचोलीत, चिऱ्यांचं, कौलारू. इथे पावसाळ्यात कपाटात टांगलेल्या चामडी पट्ट्यावर पांढरी बुरशी धरते. मेस्तांना हे ठाऊक होतं आणि मलाही. तरी रॅक प्लायवुडचाच केला आणि जुलैत तो मोडावा लागला. म्हणून ही हकीकत एका रॅकची नाही, दोन रॅकची आहे.

माझ्याकडे साप तीन. बॉल पायथनची एक मादी, एक नर, आणि कॉर्न स्नेकचं एक पिल्लू. बॉल पायथन मूळचा आफ्रिकेतला, कॉर्न स्नेक अमेरिकेतला. हे आधीच सांगते, कारण 'साप पाळते' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे धामण नाहीतर आपला आजगर येतो. आपल्या रानातले साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि तो तसाच असावा असं मला मनापासून वाटतं. परदेशी प्राण्यांनाही आता नियम लागू झालेत. २०२० च्या जूनमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने असे प्राणी स्वतःहून जाहीर करायला सांगितलं. २०२२ च्या दुरुस्तीने साइट्स करारातल्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा हा आंतरराष्ट्रीय करार) प्रजाती कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या, आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंदणी केंद्राच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. बॉल पायथन साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. माझ्या दोघांचे कागद एका प्लास्टिकच्या फाइलीत रॅकवरच ठेवलेले असतात. ज्याच्याकडे कागद नाहीत त्याच्याकडून साप घेऊ नका, कितीही देखणा असला तरी.

आई मात्र तिघांनाही 'जनावर'च म्हणते. दिवेलागणीनंतर सापाचं नाव घ्यायचं नाही, हा आमच्या घरचा जुना नेम.

रॅकची गरज मादीमुळे पडली. ती आधी काचेच्या टाकीत होती, येण्याजाण्याच्या खोलीत. बॉल पायथन रानात उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत दडून राहणारा साप. चारी बाजूंनी उजेड आणि माणसांच्या सावल्या असल्या की तो अंगाचा गोळा करतो आणि खाणं सोडतो. हिने अकरा आठवडे तोंडात काही घेतलं नाही. बॉल पायथन महिनोन् महिने उपाशी राहू शकतो हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि दर रविवारी तो उंदीर तसाच परत काढून टाकणं वेगळं.

रॅक म्हणजे खणांचं कपाट, आणि खणांत ड्रॉवरसारखे सरकणारे प्लास्टिकचे टब. टबांना झाकण नसतं. वरच्या खणाची फळी हेच खालच्या टबाचं झाकण. आत अंधार, तीन बाजूंना आडोसा, मागच्या बाजूला ऊब. सगळा कस लागतो तो टबाची कड आणि वरची फळी यांच्यातल्या फटीला. टब न अडखळता सरकला पाहिजे आणि सापाचं नाक तिथे शिरता कामा नये. दोन ते तीन मिलिमीटर, एवढीच जागा. सापाचं डोकं जिथून गेलं तिथून बाकीचा साप बहुधा जातोच.

म्हणून टब आधी आणि कपाट मागून. एका शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेले आणि पलंगाखाली ठेवायचे चपटे टब शोधले: ८२ सेंटिमीटर लांब, कडेपाशी ४६ रुंद, १७ उंच. सहा घेतले, गरज चारांची होती. घरी येऊन सहाही मोजले, आणि ते बरं केलं. एकाच दुकानातले, एकाच रंगाचे, एकात एक बसणारे टब, पण एक बाकीच्यांपेक्षा चार मिलिमीटर उंच निघाला. तीन मिलिमीटरच्या फटीत चार मिलिमीटरची चूक! त्या टबात आता आईची सुकी मिरची असते. दुसरी गोष्ट मोजताना कळली ती अशी, की लांब बाजूची कड मधोमध किंचित खाली झुकते. कोपऱ्यावर मोजलं तर १७, मध्यावर साडेसोळा. कोपऱ्याला तीन मिलिमीटर ठेवली की मध्यावर आठ होते. मला हे तेव्हा दिसलं, पण पुरतं समजलं नाही.

पहिल्या रॅकबद्दल फार लिहीत नाही. अठरा मिलिमीटरचं साधं प्लायवुड, वर सनमायका, कडांना पट्टी. देखणा होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला आणि पंधरा दिवसांत सर्वांत खालचा टब जड झाला. टब जड झालाय असंच मला वाटलं, तळाला काही चिकटलं असेल म्हणून पुसून घेतला. जुलैत दोन टब ओढताना कचकचायला लागले. स्क्रूच्या भोकांतून आणि मागच्या, पट्टी न लावलेल्या कडेतून ओल शिरली होती आणि फळ्यांना पोट आलं होतं. मधे फट संपली, कडेला वाढली. टब ओढायला हिसका द्यावा लागे, आणि हिसका बसला की आतला साप दचके. मादीने नुकतं खायला सुरुवात केली होती. एका हिसक्याच्या दुसऱ्या दिवशी तिने गिळलेलं बाहेर टाकलं. हिसक्यानेच झालं हे सिद्ध करता येणार नाही, पण मी त्याच संध्याकाळी तिन्ही साप झाकणाच्या, चाप लागणाऱ्या डब्यांत हलवले आणि मेस्तांकडे गेले. त्यांनी 'सांगितलं होतं ना' असं एकदाही म्हटलं नाही. फक्त विचारलं, "आतां कितें?"

आता पीव्हीसी फोम बोर्ड. स्वयंपाकघरातल्या सिंकखालच्या कपाटांना गोव्यात हल्ली हाच लावतात, कारण तो पाणी पीत नाही, वाळवी त्याला शिवत नाही. प्लायवुडपेक्षा तो लवचीक असतो, पण ४६ सेंटिमीटरच्या फळीला तीन बाजूंनी आधार दिला तर अठरा मिलिमीटरला झोळ पडत नाही. त्याची खोड एकच, कडेत स्क्रू नीट धरत नाही. सरळ पिळला की आतला फोम चुरतो आणि स्क्रू गरगर फिरत राहतो. मेस्तांनी आधी बारीक भोक पाडलं, लांब स्क्रू घेतले, सांध्यांना पीव्हीसीचा डिंक लावला आणि प्रत्येक फळीखाली दोन्ही बाजूंना स्टीलचे छोटे अँगल दिले. वजन अँगलवर, स्क्रू फक्त धरून ठेवायला.

फट मोजायला मेस्तांनी माझ्याकडे "एकसारखं जाड काहीतरी" मागितलं. मी जुनी एटीएम कार्डं दिली. एक कार्ड पाऊण मिलिमीटरला किंचित जास्त जाड असतं, तीन एकावर एक ठेवली की सव्वादोनच्या वर. टब जागेवर ठेवायचा, कडेवर चारी कोपऱ्यांत तीन तीन कार्डं, त्यावर वरची फळी टेकवायची, अँगलच्या खुणा करायच्या, मग कार्डं काढून पुढचा खण. म्हणजे प्रत्येक खण त्याच्या त्याच्या टबाच्या मापाचा. टेपने मोजून इतकं नेमकं बसलं नसतं. टबांच्या बुडावर आणि खणांवर मी एक ते चार आकडे घातले, अदलाबदल करायची नाही. झुकणाऱ्या मधल्या कडेसाठी टबाच्या लांब बाजूंना बाहेरून ॲल्युमिनियमची एल-पट्टी रिव्हेट केली. पट्टी लावल्यावर मधे आणि कोपऱ्यात एकच कार्डाचा फरक राहिला.

आता ऊब. बॉल पायथनला एका टोकाला ३१-३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २६-२७ असं लागतं, म्हणजे तो सरकून हवं ते निवडतो. कॉर्न स्नेकला याहून थोडं कमी चालतं. थंड देशात हे वर्षभराचं काम. आमच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ३३-३४ वर जातो, तेव्हा हीटर बंद आणि काळजी उलटी: ३५ च्या वर जाऊ द्यायचं नाही. त्या दिवसांत मी खोलीच्या कौलांवर सकाळी पाणी मारते आणि वरच्या खणात कोणाला ठेवत नाही. एकदा वरच्या आणि खालच्या टबात दोन अंशांचा फरक मोजला होता. हीटर लागतो तो जानेवारीच्या रात्री, आणि जास्त करून पावसाळ्यात. पावसाळ्यात लागतो तो थंडीसाठी कमी आणि ओलीसाठी जास्त. हवा जरा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते, म्हणून टबाच्या मागच्या तिसऱ्या हिश्शाला दिलेली थोडी ऊब टब कोरडाही ठेवते. हे समजल्यावर मला त्या साऱ्या परदेशी सूचना नव्याने वाचता आल्या.

प्रत्येक फळीच्या मागच्या भागात मेस्तांनी राउटरने, म्हणजे कोरायच्या यंत्राने, खाच मारली, तीत हीटिंग केबल बसवली, वरून ॲल्युमिनियमची टेप लावली म्हणजे ऊब एका रेषेत न साचता पसरते. ऊब ठरलेल्या अंशावर राखणारा थर्मोस्टॅट म्हणून कोंबडीची अंडी उबवायच्या यंत्रांना लावतात तो डिजिटल घेतला. त्याचा सेन्सर टबाच्या आत ठेवू नका. साप तो सरकवतो, त्यावर पाणी सांडतं, आणि सेन्सरला गार वाटलं की तो बिचारा केबल तापवत राहतो. माझा सेन्सर केबलच्या शेजारी, फळीलाच, दोन ठिकाणी टेप लावून घट्ट बसवलेला आहे. या स्वस्त थर्मोस्टॅटांचा दुसरा धोका म्हणजे आतला रिले, म्हणजे वीज चालू-बंद करणारा भाग, बिघडला तर बरेचदा 'चालू' अवस्थेतच चिकटतो. म्हणून त्याच्या आधी दुसरा थर्मोस्टॅट जोडला, ३५ अंशांना सगळंच तोडणारा. त्याचे पैसे वाचवावेत असं वाटलं होतं. नाही वाचवले.

आठवडाभर रॅक रिकामा चालवला, टबांत फक्त पाण्याच्या वाट्या आणि थर्मामीटर. तिसऱ्या रात्री तिसऱ्या टबात ४१ दिसले. दमट हवेत टेपचा चिकटपणा गेला होता आणि सेन्सर खाचेतून सुटून मागे लोंबत होता. दुसरा थर्मोस्टॅट तोवर जोडायचा राहिला होता. त्या टबात मादी असती तर, हा विचार अजूनही कधीकधी झोपताना येतो. सकाळी सेन्सरवर पीव्हीसीचा तुकडा स्क्रूने दाबून बसवला, दुसरा थर्मोस्टॅट जोडला आणि सात दिवस पहिल्यापासून मोजले.

टबांना भोकं पाडायला ड्रिल वापरून पाहिलं, पहिल्याच भोकाला प्लास्टिक तडकलं. सोल्डरिंगची सळई बरी. आतून बाहेर टोचायची म्हणजे वितळलेली खरखरीत कड बाहेर राहते आणि सापाचं नाक घासत नाही. हे काम अंगणात करायचं, धूर वाईट असतो. वाचलं होतं की दर बाजूला दहा-बारा भोकं पुरेत. तेवढी पाडली, तर सकाळी टबाच्या भिंतीवर थेंब. बॉल पायथनला साठ-सत्तर टक्के आर्द्रता मानवते. आमच्या खोलीचीच जुलैत नव्वदला टेकलेली असते. भोकं वाढवत वाढवत दर बाजूला तीन ओळी, चाळीसच्या वर गेली. मागच्या फळीलाही लांब चीर ठेवली, म्हणजे वारा आरपार जातो. ओल जास्त झाली की सापाच्या पोटाचे खवले तपकिरी पडतात, फोड येतात, श्वासाला घरघर लागते, तोंडाशी बुडबुडे दिसतात. रोज टब उघडल्यावर मी पहिल्यांदा पोट बघते आणि कान देऊन ऐकते.

अंथरायला उन्हाळ्यात नारळाची सोडणं, चिरून, दोन पाण्यांत धुऊन, कडक उन्हात वाळवून. पावसाळ्यात त्यांना चार दिवसांत बुरशी येते, तेव्हा कालचं वर्तमानपत्र. रोज बदलता येतं, आणि विष्ठेचा रंग लगेच दिसतो.

रॅक चिऱ्याच्या भिंतीपासून चार बोटं दूर, दहा सेंटिमीटरच्या पायांवर उभा केला, आणि पायांना पेट्रोलियम जेलीचा जाड पट्टा दिला. मुंग्यांसाठी. आजीच्या दुधाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत असत, पण इथे आणखी पाणी नको होतं.

गणपतीच्या चवथीला पाच दिवस होते तेव्हा कॉर्न स्नेकचं पिल्लू निसटून गेलं.

सकाळी दुसरा टब दोन बोटं पुढे आलेला होता. फट अगदी बरोबर होती, तीन कार्डांची. पण फट वरची. पिल्लाने टबाच्या पुढच्या भिंतीला नाक लावून आतून रेटलं होतं. हलका टब, गुळगुळीत बोर्ड, सरकायला वेळ लागला नसेल. पावणेदोन फुटांचा, करंगळीएवढा साप, नारिंगी अंगावर तांबडे ठिपके. माझ्या डोळ्यांना तो सुंदर. पण अवचित पायाशी आला तर कोणाच्याही हातात दांडाच येणार. त्याच खोलीत गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीच्या पट्ट्या आणि दोऱ्या आणून ठेवल्या होत्या, दुसऱ्या दिवसापासून काका, वहिनी, मुलं येणार होती. मी घरातल्या सगळ्यांना सांगितलं. लपवलं असतं तर कोणीतरी त्याला मारलं असतं.

रात्री प्रत्येक उंबऱ्यावर आणि भिंतीकडेने तांदळाच्या पिठाची पातळ पट्टी टाकली. आईने स्वतः टाकली, रांगोळी घालायच्या हाताने, सरळ आणि एकसारखी. पहिल्या रात्री काही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पिठात एक नागमोडी रेघ होती, बोटाने ओढावी तशी. स्वयंपाकघरात उबेची आणि अंधाराची जागा एकच. फ्रिज पुढे ओढला, तर कॉम्प्रेसरच्या बाजूला, धुळीत, वेटोळं घालून बसला होता. आई दारात उभी होती. म्हणाली, "भुकेलं असेल गो ते." तीन वर्षांत तिने त्यांच्यातल्या कोणाबद्दल काढलेला हा पहिला मायेचा शब्द होता.

त्याच दिवशी मेस्तांनी चारी खणांना पुढून फणसाच्या लाकडाच्या फिरत्या खिट्या लावल्या. जुन्या दारांना असतात तशा, एका स्क्रूवर फिरणाऱ्या. टब बंद केला की खिटी आडवी. रात्री झोपण्याआधी मी चारही खिट्यांना हात लावून बघते.

राहिला प्रश्न जागेचा, आणि तो मला मेस्तांनी घातला. खिट्या लावताना मादीचा टब त्यांनी उघडलेला पाहिला. पहिल्यांदाच. विचारलं, हिला लांब होता येतं का? मी टेप घेतला. टब कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ९४ सेंटिमीटर, मादी १३० ची. ती आता नियमाने खात होती, अंगावर तकाकी आली होती, पोट स्वच्छ होतं, आणि तरी उत्तर 'नाही' हेच होतं. आडोसा हवा म्हणून मी तिला टबात ठेवलं होतं आणि खायला लागली एवढ्यावर समाधान मानलं होतं. दडायला मिळणं आणि अंग पसरायला मिळणं, तिला दोन्ही हवं असणार.

ऑक्टोबरमध्ये उरलेल्या तुकड्यांत आणखी एक शीट घालून रॅकच्या खाली बैठक केली: चार फूट बाय दोन फूट, दीड फूट उंच, पुढे सरकती ॲक्रिलिकची दोन दारं, मागे तीच केबल, दोन्ही टोकांना दडायला उलटी मडकी आणि मधे पेरूची एक जाड फांदी. रॅक आता तिच्यावर उभा असतो. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १३६ सेंटिमीटर भरते. मादीला त्यात हलवलं, पण पहिले चार दिवस ती मडक्यातून बाहेर आली नाही. मी दारांवर वर्तमानपत्र चिकटवून अर्धा अंधार केला. पाचव्या रात्री वीज गेली, इन्व्हर्टरवर केबल चालू आहे ना हे पाहायला मी बॅटरी घेऊन गेले. ती आतल्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, फांदीवरून, पूर्ण सरळ पसरली होती. मी बॅटरी लगेच विझवली.

नर अजून वरच्या टबात आहे. ८४ सेंटिमीटर भरतो, महिन्यातून एकदा दोरीने मोजते. मेस्तांना सांगून ठेवलंय.